पुरावा अपुरा पडला, म्हणजे नेमके काय झाले?

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपी सबळ पुराव्याअभावी सुटला, आता पुढे काय, असे विचारणारी पत्रे या स्तंभाकडे सातत्याने येतात. त्यांतील काही या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण एकाला दिलेले उत्तर दुसऱ्याच्याही उपयोगी पडावे असे त्यांचे स्वरूप आहे. पत्रलेखकांची नावे, गावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उत्तरांत शक्य तेथे नव्या फौजदारी कायद्यांची, म्हणजे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांची कलमे दिली आहेत. मात्र १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेचीच कलमे लागू राहतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझी धाकटी बहीण एका खासगी कार्यालयात नोकरीला होती. कार्यालयाच्या मालकाने तिच्यावर अत्याचार केला. त्याच रात्री तिने एका मैत्रिणीला फोनवर सांगितले, पण घरी सांगायला तिला नऊ दिवस लागले. तोवर कपडे धुतले गेले होते. वैद्यकीय तपासणीत जखमा आढळल्या नाहीत. साक्षीच्या वेळी मैत्रीण फितूर झाली. घटनेनंतर पाच वर्षांनी सत्र न्यायालयाने आरोपीला सबळ पुराव्याअभावी निर्दोष सोडले. बहीण सारखे एकच विचारते, की न्यायालयाने मला खोटे ठरवले का? आम्हाला अपील करता येईल का, आणि तिच्या वतीने मी ते करू शकते का?

उत्तर : आपल्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. निकालपत्रात न्यायाधीशांनी तिची साक्ष खोटी आहे असे स्पष्ट शब्दांत लिहिले नसेल, तर न्यायालयाने तिला खोटे ठरवलेले नाही. फौजदारी खटल्यात न्यायालयापुढे असलेला प्रश्न एवढाच असतो, की सरकार पक्षाने आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला किंवा नाही. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की 'घडले असावे' आणि 'घडलेच असले पाहिजे' या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे आणि शिक्षा द्यायची तर ते अंतर पार व्हावे लागते. तिचे म्हणणे खरे असूनही दप्तरात आलेला पुरावा त्या अंतराच्या अलीकडे थांबला, असे घडू शकते आणि वारंवार घडते. सुटका म्हणजे तिच्या सत्याचा निवाडा नव्हे. हे तिला एकदा सांगून पुरणार नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागेल, आणि ते सांगण्याची जबाबदारी आता घरच्या माणसांची आहे.

दुसरी गोष्ट, अपिलाचा निर्णय घेण्यापूर्वी निकालपत्राची प्रमाणित प्रत काढून ते शांतपणे वाचावे. वर्तमानपत्रातील बातमी किंवा न्यायालयाच्या आवारात वकिलांनी सांगितलेला सारांश यावर विसंबू नये. सत्र न्यायालयाच्या निकालपत्रात विचारार्थ मुद्दे आणि त्यांवरील निष्कर्ष दिलेले असतात, आणि पुढे प्रत्येक निष्कर्षाची कारणमीमांसा असते. आरोपी कोणत्या मुद्द्यावर सुटला हे तेथे दिसते. शरीरसंबंध घडल्याचेच सिद्ध झाले नाही, की तो घडला पण संमती नव्हती हे सिद्ध झाले नाही, की पुराव्याची साखळी मध्येच तुटली, यांपैकी काय झाले यावर अपिलाचे बळ अवलंबून आहे.

आपण लिहिलेल्या कारणांपैकी जखमा नसणे हे कारण निकालपत्रात निर्णायक ठरवले असेल, तर ते कायद्याशी सुसंगत नाही. याच कारणाने महाराष्ट्राला एकदा मोठी किंमत मोजावी लागली आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते, ही त्या सुटकेमागची मुख्य कारणे होती. भीतीपोटी हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, हे नागपूर खंडपीठाने ओळखले होते. वरच्या न्यायालयाने ते मानले नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर बलात्काराच्या व्याख्येच्या कलमातच लिहिले गेले, की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. आपल्या प्रकरणात हे वाक्य न्यायालयापुढे मांडले गेले होते का, हे पाहावे.

उशिराचेही तसेच आहे. फिर्याद उशिरा दिली म्हणून ती आपोआप अविश्वसनीय ठरत नाही. पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाची बदनामीची भीती आणि मनाची अवस्था ही उशिराची स्वाभाविक कारणे मानली आहेत. पण हे कारण साक्षीत यावे लागते. नऊ दिवस का लागले, हे आपल्या बहिणीला सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलाने साक्ष घेताना, विचारलेच गेले नसेल, तर तो दोष तिचा नाही. तिची साक्ष नोंदवून घेणाऱ्यांचा आहे.

एकट्या पीडितेच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते हेही पक्के ठरलेले आहे. १९९० साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन या निकालात न्यायालयाने सांगितले, की अशा स्त्रीची साक्ष जखमी साक्षीदाराच्या तोडीची मानावी, तिला गुन्ह्यातील साथीदारासारखे संशयाने पाहू नये. म्हणजे मैत्रीण फितूर झाली म्हणून खटला संपायलाच हवा होता असे नाही. मात्र येथे मला आपल्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. आधाराची गरज नाही हा नियम तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा तिची स्वतःची साक्ष उलटतपासणीत टिकते. २०१२ च्या राय संदीप प्रकरणात न्यायालयाने अशा साक्षीची कसोटी सांगितली आहे : पहिल्या जबाबापासून शेवटच्या उत्तरापर्यंत मुख्य कथन बदलता कामा नये. व्यवहारात अनेक सुटका या कसोटीवर होतात. पोलिसांनी पहिल्या जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट लिहून घेतली नाही आणि साक्षीत ती प्रथमच आली, की बचाव पक्ष त्याला 'ओमिशन' म्हणतो आणि महत्त्वाची वगळणूक ही विसंगतीच धरली जाते. बाईने सांगितले होते, हवालदाराने लिहिले नव्हते, एवढ्याने खटले कोसळताना मी पाहिले आहेत.

आता जो मुद्दा मला आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आरोपी तिचा मालक होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७६(२) मध्ये, स्त्रीवर नियंत्रण किंवा वर्चस्व असलेल्या पदावरील व्यक्तीने केलेला बलात्कार वेगळा आणि अधिक गंभीर मानला आहे. त्या पोटकलमाखाली दोषारोप ठेवला असेल, शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि तिने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले असेल, तर भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११४अ नुसार संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरले पाहिजे. ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर जाते. नव्या कायद्यात हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. दोषारोप साध्या कलम ३७६(१) खाली ठेवला गेला आणि या गृहीतकाचा विचारच झाला नाही, असे आढळले तर अपिलाचा तो पहिला मुद्दा ठरावा.

अपील तिला करता येते. हा हक्क पीडितांना ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला आणि आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. राज्य सरकारला सुटकेविरुद्ध अपील करण्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पीडितेला ती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात २०१८ साली सांगितले. तिचा हक्क सरकारच्या निर्णयावर अवलंबून नाही, तेव्हा सरकार काय करते याची वाट पाहू नये. सरकारी अपिलासाठी ९० दिवसांची मुदत आहे, तीच आपली समजून कामाला लागावे. आपण बहीण म्हणून स्वतःच्या नावाने अपील करू शकणार नाही, कारण पीडितेच्या व्याख्येत ती स्वतः, तिचा पालक किंवा कायदेशीर वारस एवढेच येतात. वकीलपत्रावर तिचीच सही लागेल. खर्चाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

अपिलात यश किती संभवते? उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकते, पण २००७ च्या चंद्रप्पा निकालाप्रमाणे सुटलेल्या आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचे गृहीतक दुप्पट बळकट झालेले असते आणि पुराव्यावरून दोन मते संभवत असतील तर खालच्या न्यायालयाचे मत सहसा बदलले जात नाही. म्हणून 'आमचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही' एवढ्यावर अपील उभे राहत नाही. कायदा चुकीचा लावला, महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाही किंवा अप्रस्तुत गोष्टीवर निष्कर्ष काढला, असे दाखवावे लागते. आपल्या पत्रावरून असे दोन मुद्दे तरी संभवतात, म्हणून मी निकालपत्र एखाद्या अनुभवी फौजदारी वकिलाला दाखवण्याचा आग्रह धरीन. आणि हा निर्णय बहिणीने घ्यावा. आणखी काही वर्षे त्याच प्रसंगाची कागदपत्रे पुन्हा उघडण्याची तिची तयारी नसेल, तर तो पराभव मानू नये.

प्रश्न : माझ्या मुलावर बलात्काराचा आरोप होता. तो निर्दोष सुटला, परंतु निकालात 'संशयाचा फायदा देऊन' असे शब्द आहेत. तो पोलीस भरतीची तयारी करीत आहे. हे शब्द आड येतील का? आणि आमची एवढी बदनामी करणाऱ्या मुलीवर खटला भरता येईल का? निकालाची प्रत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावी असे अनेकांनी सुचवले आहे.

उत्तर : शेवटचे आधी. ती प्रत कोठेही टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि आरोपी सुटला म्हणून ते संरक्षण संपत नाही. सत्र न्यायालयाच्या निकालपत्रात तिचे नाव, गाव, नात्यातील माणसांची नावे असू शकतात. एका सुटकेनंतर घरात दुसरा गुन्हा दाखल व्हावा, असे आपल्यालाही वाटणार नाही.

फौजदारी कायद्याच्या दृष्टीने आपला मुलगा निर्दोष आहे. संशयाचा फायदा देऊन झालेली सुटका ही कमी दर्जाची सुटका आहे असे संहितेत कोठेही म्हटलेले नाही आणि समाजानेही तसे म्हणू नये. गृहीतक आरोपीच्या बाजूने असते याचा अर्थच तो आहे. नोकरीचे मात्र वेगळे आहे. पोलीस दलासारख्या शिस्तीच्या सेवेत सुटका कोणत्या कारणाने झाली हे नेमणूक करणारे अधिकारी पाहू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या मेहर सिंग निकालात सांगितले आहे. साक्षीदार फितूर झाल्याने मिळालेली सुटका आणि सगळा पुरावा तपासून आरोप निराधार ठरल्याने मिळालेली सुटका यांत तेथे फरक केला जातो. अर्जात खटल्याची माहिती विचारली असेल तर ती लपवू नये; अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने जे निकष घातले, त्यांनुसार माहिती दडवणे हेच नेमणूक रद्द होण्याचे कारण ठरू शकते.

मुलीवर खटला भरण्याविषयी : आरोप सिद्ध न होणे आणि आरोप जाणूनबुजून खोटा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायची तर तिला आरोप निराधार असल्याचे ठाऊक होते, हे दाखवावे लागते. न्यायालयात खोटी साक्ष दिल्याबद्दल कारवाई करायची की नाही, हे ते न्यायालय ठरवते. निकालपत्रात तसा निष्कर्ष नसताना केवळ राग म्हणून अर्ज केल्यास तो टिकणे कठीण आहे. आपल्या मुलाला ज्या नियमाने सोडवले, तोच नियम त्या मुलीलाही लागू आहे. तिनेही खोटे बोलल्याचे सिद्ध होईपर्यंत ती खोटी नाही.

प्रश्न : मी परिचारिका आहे. अशी एखादी मुलगी किंवा स्त्री आमच्याकडे प्रथम येते, तेव्हा पुढे खटल्यात पुरावा कमी पडू नये म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर : हे पत्र वाचून मला फार समाधान वाटले, कारण खटला पुष्कळदा पहिल्या तीन-चार दिवसांतच ठरतो आणि त्या वेळी तिच्याजवळ वकील नसतो, आपण असता.

पोलीस तक्रार नाही म्हणून उपचार किंवा तपासणी नाकारू नये. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार व वैद्यकीय उपचार दिले पाहिजेत आणि पोलिसांना कळवले पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सांगते. हे बंधन २०१३ पासून आहे आणि ते न पाळणे गुन्हा आहे. तपासणीसाठी तिची संमती घ्यावी, आणि एखाद्या भागाला तिने नकार दिला तर तसे नोंदवावे. अंगावरील कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत, ओल धरून डाग कुजतात; सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावा आणि सील करावा. सील कोणी केले, कोणाच्या ताब्यात दिले, कधी दिले, याची नोंद तुटू देऊ नये. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल अनुकूल येऊनही मुद्देमाल मधल्या काळात कोठे होता हे न सांगता आल्यामुळे तो अहवाल निरुपयोगी ठरतो. तिने अंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील, दिवस गेले असतील, तरी तिला परत पाठवू नये. नमुने घेण्याचा काळ उलटला तरी जखमांच्या खुणा, तिची अवस्था आणि तिने सांगितलेली हकिगत नोंदवता येते.

ती हकिगत तिच्या शब्दांत लिहावी. 'रुग्ण सांगते की' असे लिहून तिचे वाक्य जसेच्या तसे उतरवणे हे अनेक पानांच्या शास्त्रीय वर्णनापेक्षा मोलाचे ठरू शकते. बलात्कार झाला किंवा झाला नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय अहवालात लिहिला जाऊ नये. बलात्कार ही कायद्याची संज्ञा आहे, रोगनिदान नव्हे, आणि तो ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. वैद्यकीय पुरावा आढळला नाही तर तो न आढळण्याची कारणे, म्हणजे गेलेला काळ, अंघोळ, लघवी, निरोधाचा वापर, ही नोंदवणे वैद्यकीय अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ती नसतील तर कोरा अहवाल बचाव पक्षाचे हत्यार होतो. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीमार्गाची बोटांनी केली जाणारी तपासणी, कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग असल्याचे म्हटले, आणि २०२२ साली झारखंडच्या प्रकरणात ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी धरली जाईल असे बजावले. तरीही जुन्या छापील नमुन्यांत तिचा रकाना आढळला, तर वरिष्ठांना लेखी कळवावे.

मोबाइलमधील संदेश, कॉल, छायाचित्रे पुसू नयेत, असे तिला आणि घरच्यांना सांगावे. केवळ स्क्रीनशॉटची छापील प्रत न्यायालयात पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते, हे अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली पुन्हा स्पष्ट झाले आहे. म्हणून मूळ फोन जपून ठेवून तो पंचनाम्याखाली जप्त व्हावा, हे उत्तम.

प्रश्न : आमच्या गल्लीतील एका प्रकरणात आरोपीकडची माणसे साक्षीदारांना भेटून 'मिटवून टाका' म्हणत आहेत. हे कायद्याने चालते का?

उत्तर : चालत नाही. बलात्काराचा गुन्हा तडजोडयोग्य नाही, आणि तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने शिंभू विरुद्ध हरियाणा राज्य या २०१३ च्या निकालात सांगितले आहे. साक्षीदारांनी धमकीची तक्रार पोलिसांकडे लेखी द्यावी. त्याखेरीज महेंद्र चावला प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर झालेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवून समिती बंदोबस्त, पत्ता गुप्त ठेवणे, दूरदृश्य प्रणालीने साक्ष असे उपाय ठरवते. हा अर्ज साक्ष होण्यापूर्वी करावा. एकदा साक्षीदार उलटला, की त्याच्या साक्षीतील जो भाग फिर्यादीला पूरक असेल तेवढा न्यायालय घेऊ शकते, आणि २०१८ च्या हेमूदान गढवी प्रकरणात तर पीडिताच फितूर झालेली असतानाही इतर पुराव्यावर शिक्षा कायम झाली. पण असे अपवादानेच होते.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या अहवालात बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण २७.८ टक्के आहे. मग या गुन्ह्यांपुरता सिद्धतेचा निकष शिथिल का करू नये?

उत्तर : आकडा बरोबर आहे, पण तो वाचताना सांभाळावे. ज्या खटल्यांचे निकाल त्या वर्षी लागले त्यांतील हे प्रमाण आहे. प्रलंबित खटले त्यात नाहीत, आणि सुटकांची कारणेही त्यातून कळत नाहीत. प्रेमसंबंध मोडल्यावर लग्नाच्या वचनावरून झालेल्या फिर्यादी, मुलीच्या इच्छेविरुद्ध पालकांनी दिलेल्या फिर्यादी आणि अनोळखी माणसाने केलेला हल्ला हे सारे त्याच एका टक्केवारीत मोजले जाते.

निकष शिथिल करण्यास माझा विरोध आहे आणि तो मी विचारपूर्वक नोंदवते. निकष खाली आणला तर तपास सुधारण्याची गरजच उरणार नाही. पहिला मिळेल तो माणूस पकडून उभा केला तरी चालेल आणि तो माणूस बहुधा गरीब, अशिक्षित, वकील न परवडणारा असेल. खरा गुन्हेगार मोकळा राहील तो वेगळाच. जेथे आरोपीच्या हाती सत्ता आहे तेथे कायद्याने संमतीविषयी गृहीतक आधीच उलटवले आहे. बालकांच्या प्रकरणात पॉक्सो कायद्याच्या कलम २९ मध्येही गृहीतक आहे, फक्त मूळ घटना आधी सरकार पक्षाने दाखवावी लागते. तेथेही खटले पडतात, कधी मुलीचे वय नीट सिद्ध न झाल्याने. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये कोणते दाखले कोणत्या क्रमाने पाहावेत ते लिहिलेले आहे, तरी तपासी अंमलदार शाळा सोडल्याचा दाखला जोडून मोकळे होतात आणि मूळ नोंदवही घेऊन मुख्याध्यापकांना साक्षीला बोलावलेच जात नाही.

बोबडे निकालाचा उल्लेख वर आला आहे. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले आहे, की संशयाच्या फायद्याची अवाजवी भक्ती समाजाच्या रक्षणाला घातक ठरते. संशय वाजवी हवा, ओढूनताणून आणलेला नको. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तर निकष बदलण्याची गरज भासत नाही, तो प्रामाणिकपणे लावण्याची भासते.

आपण विद्यार्थी आहात म्हणून एक निकाल जरूर अभ्यासावा असे सुचवते. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात एका सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार व खुनाच्या खटल्यातून आरोपी सुटला. ७ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली, पण तेवढ्यावर थांबले नाही. प्रत्येक सुटकेनंतर पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीने निकाल तपासावा, खटला का पडला हे नोंदवावे, चूक निष्काळजीपणाची असेल तर जबाबदार अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई करावी आणि त्या चुका प्रशिक्षणात घ्याव्यात, असे सर्व राज्यांना आदेश दिले. आपल्या जिल्ह्यात ही समिती बसते का, तिने गेल्या वर्षी किती निकाल पाहिले आणि किती प्रकरणांत दोष निश्चित केला, हे माहितीच्या अधिकारात विचारणे हे विधी महाविद्यालयातील मुलांना सहज जमण्यासारखे काम आहे. सुटकेच्या प्रत्येक बातमीवर हळहळणाऱ्या आपल्या समाजात हा प्रश्न विचारणारे मात्र थोडेच भेटतात.

प्रश्न : आरोपी सुटला, तर पीडितेला मिळणारी नुकसानभरपाई बुडते का?

उत्तर : बुडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये, आणि त्यापूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ मध्येही, खटला सुटकेत संपला तरी पीडितेच्या पुनर्वसनाची गरज असल्यास न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते असे लिहिले आहे. आरोपी ओळखला गेला नाही किंवा सापडला नाही तरीही ती मागता येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी चार ते सात लाख रुपये अशी मर्यादा आहे; महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनाही आहे. निकालपत्रात शिफारस नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करावा. सोबत प्रथम खबरी अहवाल, वैद्यकीय कागद आणि निकालाची प्रत जोडावी, आणि अर्ज दिल्याची पोच घ्यावी.